विमान तासाभराचं, मग मी घरी पावणेसहा तासांनी का पोचते?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, माझं माहेर दुसऱ्या शहरात आहे आणि बाबांच्या तब्येतीमुळे आता महिन्यातून एक-दोनदा जावं लागतंय. दोन शहरांमधलं अंतर दाखवणाऱ्या एका साइटवर बघितलं तर हवाई अंतर ४४५ किमी, विमानाने १ तास ३ मिनिटं, रस्त्याने ५९० किमी, ८ तास २६ मिनिटं. फोनवरचा मॅप रस्त्याला साडेदहा तास दाखवतो. विमानाच्या तिकिटावर जाताना १ तास २५ मिनिटं आणि येताना १ तास १० मिनिटं, अंतर तेच असून! आता खरं काय झालं ते सांगते. मागच्या महिन्यात कारने गेलो तर सव्वाबारा तास लागले. या महिन्यात मी एकटी विमानाने गेले, घरातून दोनला निघाले, पावणेपाचचं विमान सहा दहाला पोचलं, अगदी वेळेवर, आणि मी माहेरच्या दारात सात चाळीसला. बाबांना सहा दहा सांगितलं होतं, ते साडेसहापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले, आई जेवायची थांबलेली, दोघंही चिडले. नवरा म्हणतो विमान एक तासाचं आहे, तूच मधे कुठेतरी वेळ घालवतेस, त्यापेक्षा कारनेच जाऊ, पहाटे निघून जरा दाबून चालवली की नऊ तासांत पोचू. सोबत एकच मोठी बॅग होती, ती पण त्यानेच त्याच्या मित्राला द्यायला दिलेली. कुणाचा आकडा खरा धरू, आणि जाऊ कशाने?
– वेळेत न पोचणारी माहेरवाशीण"

अगं माहेरवाशिणी, तुझं पत्र वाचून आधी मी कागद-पेन घेऊन बसले, कारण पंधरा वर्षं मी ऑफिसात लोकांची तिकिटं काढून द्यायचंच काम केलं आणि 'तू सांगितलं होतंस तासाभरात पोचतो' ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीये की आता झोपेत पण उत्तर देईन. आणि गंमत सांगू, नवऱ्याचे नऊ तास सोडले तर तुझ्या पत्रातला एकही आकडा खोटा नाहीये. साइट बरोबर, मॅप बरोबर, तिकीट बरोबर, तुझं घड्याळ पण बरोबर. फक्त प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय आणि तुझा प्रश्न, की बाबांच्या फाटकाशी मी किती वाजता असेन, तो कुणी विचारातच घेतलेला नाही.

साइटपासून सुरू करू. ते ४४५ किमी म्हणजे काय, तर या शहराचा एक बिंदू घ्यायचा, त्या शहराचा एक बिंदू घ्यायचा, दोन्हींचे अक्षांश-रेखांश फॉर्म्युल्यात टाकायचे, पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल आहे असं धरायचं आणि त्या गोलाच्या पाठीवरून सगळ्यात जवळची रेघ काढायची. बस. यात विमान कुठेच नाहीये. मग विमानाचा वेळ कुठून आला? ताशी ८०० किमीने ४४५ ला भाग दे, साधारण ३३ मिनिटं येतात, त्यात चढण्या-उतरण्याचे म्हणून सरसकट अर्धा तास टाक, झाले १ तास ३ मिनिटं. तुझ्या साइटचा आकडा तंतोतंत जुळला म्हणून सांगतेय. रस्त्याचं पण तेच, ५९० ला ७० ने भाग दे, ८ तास २६ मिनिटं. म्हणजे त्या पानामागे कुणी माणूस नाही, रस्ता नाही, विमान नाही, एक भागाकार आहे. भागाकाराला ट्रॅफिक लागत नाही.

आणि तो 'शहराचा बिंदू' हा पण एक विनोदच असतो. लंडनची अंतरं चेरिंग क्रॉसपासून मोजतात, पॅरिसची नोत्र दाम समोरच्या फरशीतल्या खुणेपासून, टोकियोची निहोनबाशी नावाच्या पुलापासून. तिथे तुझं घर नसतं आणि विमानतळ तर नसतोच नसतो. टोकियोचाच नरिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ६० किमी लांब आहे, दुसरा हानेदा पंधराएक किमीवर. दोन्हीला तिकिटावर टोकियोच म्हणतात. आता नरिताला उतरणाऱ्याला आणि हानेदाला उतरणाऱ्याला घरी पोचायला सारखाच वेळ लागेल का? तुझ्या शहरात एकच विमानतळ असेल तरी तो घराच्या कुठल्या बाजूला आहे ते बघच.

हवाई अंतराला रस्त्याचं अंतर किती जुळतं यावर पण भरवसा ठेवू नकोस. मैदानी भागात, मधे मोठी नदी-डोंगर नसेल तर रस्ता हवाई अंतराच्या साधारण सव्वा ते दीड पट भरतो, तुझं ४४५ आणि ५९० म्हणजे १.३३ पट, अगदी नेहमीचं. पण मधे पाणी आलं की खेळ बदलतो. ब्यूनोस आयर्स आणि मोंतेविदेओ, दोन देशांच्या राजधान्या, मधे रिओ दे ला प्लाता नदीचं समुद्राएवढं रुंद मुख, सरळ रेघ दोनशे किमीच्या आसपास पण रस्त्याने जायचं तर वर जाऊन नदी ओलांडून परत खाली यायचं, सहाशेच्या जवळ जातं. आणि किन्शासा-ब्राझाव्हिल तर समोरासमोर आहेत, काँगो नदीच्या या काठाला एक राजधानी आणि त्या काठाला दुसरी, एकमेकांची इमारत दिसते, मधे पूल नाही, बोटीने जा. तिथे भागाकारवाली साइट बघून कोण निघालं तर काय होईल.

बरं, आता तिकीट. तिकिटावरचे १ तास २५ मिनिटं हा साइटपेक्षा खूपच प्रामाणिक आकडा आहे पण तो पण हवेतला वेळ नाही. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकाखाली ठोकळे लावलेले असतात, ते काढून विमान गेटवरून हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या टोकाला गेटवर थांबून परत ठोकळे लागले की घड्याळ बंद. म्हणजे रनवेच्या टोकापर्यंत रांगेत सरकणं यात आलं, उतरून गेटपर्यंत फिरणं यात आलं, वर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्यासाठी ठेवलेली थोडी शिल्लक पण आली. कंपन्या ही शिल्लक मुद्दाम ठेवतात, नाहीतर रोज उशीर दिसेल. शिवाय १५ मिनिटांच्या आतला उशीर बहुतेक ठिकाणी उशीर म्हणून मोजतच नाहीत, तुझं विमान सहा पंचविसाच्या आत आलं असतं तरी कागदावर ते वेळेवरच.

आणि विमान ताशी ८०० ने जातं हे पण इतक्या छोट्या प्रवासात जेमतेम खरं असतं. जेट विमान ३५ हजार फुटांवरून खाली यायला सुरुवात करतं ती साधारण दोनशे किमी आधी, म्हणजे इथे तुझ्या बाजूचा माणूस नुकताच डोळे मिटतोय आणि पायलटने उतरायला घेतलंय. चढताना पण पंधरा-वीस मिनिटं जातातच. परत १० हजार फुटांच्या खाली बऱ्याच देशांत २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. ४४५ मधून चढण वजा कर, उतरण वजा कर, पूर्ण वेगाने जायला उरतं किती? म्हणूनच अशा अंतराला पंख्याचं छोटं विमान आणि मोठं जेट यांच्या वेळेत फारसा फरक पडत नाही, तिकीट काढताना 'हे जेट आहे' म्हणून उगाच भाळू नकोस.

जाताना २५ आणि येताना १० का, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण तो सहसा कुणी विचारत नाही, लोक धरून चालतात की छापताना चूक झाली असेल. वारा गं. वर ९-१० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून ते मोजले आणि १९२६ मध्ये छापलं पण कुठल्या भाषेत, तर एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगाने वाचावं म्हणून! आणि जगाने काही वाचलं नाही. असो. त्या वाऱ्याचा जोर किती तर फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जिथे एरवी सहा-साडेसहा तास धरतात. उलट्या बाजूने तेच अंतर सात-आठ तासांचं. आणि याच्याही पुढची गोष्ट म्हणजे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिकवरून जायचं सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर साधारण १३,९०० किमीचं १५,३०० किमी झालं, म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि तरी विमान लवकर पोचायला लागलं कारण वारा पाठीशी आला. जास्त अंतर, कमी वेळ. हे एकदा डोक्यात बसलं ना की अंतर बघून वेळ सांगणाऱ्या सगळ्या पानांकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

तुझ्या बाबतीत वाऱ्याचा वाटा छोटा आहे पण. वारा ताशी १०० चा धरला तर जाताना ७०० ने आणि येताना ९०० ने, ४४५ किमीला फरक पडतो आठेक मिनिटांचा. बाकीची सात मिनिटं जमिनीवरची असणार, एका टोकाचा विमानतळ गर्दीचा असेल तर तिथली रांग वेळापत्रकात आधीच धरलेली असते. माहेर तुझ्या पश्चिमेला आहे का? आणि विमानतळ तिकडचा मोठा आहे का? असं असेल तर जुळलं.

आता तुझे ५ तास ४० मिनिटं. तू पत्रात सगळ्या वेळा दिल्या नाहीयेत म्हणून मी तुला फोन... म्हणजे मेल करून विचारल्या, तुझं उत्तर असं होतं: घर ते विमानतळ ५५ मिनिटं. तिथे दोन पंचावन्नला पोचलीस आणि विमान हललं पावणेपाचला, म्हणजे ११० मिनिटं. विमान ८५ मिनिटं. उतरून, चालत येऊन, बेल्टवर बॅगेची वाट बघून बाहेर यायला ३५. बाहेरून टॅक्सीने माहेर ५५. बेरीज कर, ३४०. यात विमानाचे ८५ म्हणजे बरोबर पाव. नवऱ्याला दाखव हा कागद. तू वेळ कुठे घालवलास तर विमान सोडून बाकी सगळीकडे, आणि त्यातलं तुझ्या हातात होतं फार तर ४०-५० मिनिटं.

हे जे विमानाभोवतीचे सव्वाचार तास आहेत ना, ते ४४५ किमीला पण तेवढेच आणि २,००० किमीला पण तेवढेच. हीच सगळी मेख आहे. लांब जायचं असेल तर ते सव्वाचार तास त्या मोठ्या अंतरात विरघळून जातात, जवळ जायचं असेल तर तेच सगळा प्रवास खाऊन टाकतात. तुझ्याच आकड्यांवर मांडून बघितलं, तर रस्त्याने अडीचशे-तीनशे किमीच्या आत कार आणि विमान बरोबरीत येतात, त्याहून जवळ असेल तर विमानाने जाणं म्हणजे नुसती हौस. तुझं घर विमानतळाला लागून असतं तर ही रेघ आणखी अलीकडे आली असती, आणि मधला रस्ता सुसाट असता तर पलीकडे, चारशेच्या पुढे पण गेली असती. दुसऱ्या कुणाचं 'तीनशेच्या वर विमान' असलं गणित तुला म्हणून लागू होणार नाही, तुझे सव्वाचार तास हे तुझे आहेत. पण ५९० ला शंकाच नाही, ५:४० कुठे आणि १२:१५ कुठे. एकटी जाणार असशील तर विमान.

थांब, एक मात्र बघ. ते पावणेपाचचं विमान दिवसातलं एकमेव आहे का? कारण बाबांचं काही अचानक झालं आणि तुला सकाळी नऊला कळलं तर पावणेपाचपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं आणि सात चाळीसला पोचायचं, म्हणजे पावणेअकरा तास, तेव्हा नऊ वाजताच गाडी काढली तर साडेनऊपर्यंत पोचशील, फरक दोनेक तासांचाच राहिला. आणि विमान रद्द झालं तर तो पण नाही. म्हणून 'किती वेळाचा प्रवास' याच्याइतकंच 'दिवसात किती वेळा निघता येतं' हे महत्त्वाचं आहे, आणि रस्ता केव्हाही उघडा असतो. रात्री मात्र घाबरलेल्या मनाने स्टिअरिंगवर बसू नका, कुणीतरी तिसरा चालवणारा घ्या.

आता नवऱ्याकडे येते. त्याला वाईट वाटायला नको, कारण पहाटे निघू म्हणतो ते अगदी शंभर टक्के बरोबर आहे. दाबून चालवू म्हणतो ते चूक आहे. आणि हे मी नैतिक वगैरे म्हणून सांगत नाहीये, नुसतं गणित बघ. तुझ्या त्याच मेलप्रमाणे तुमचे सव्वाबारा तास असे गेले: सकाळी सातला निघालात, शहरातून बाहेर पडायचे २५ किमी, त्याला १ तास २० मिनिटं. शेवटचे २५ किमी संध्याकाळच्या गर्दीत, १ तास १० मिनिटं. मधे थांबलात सगळं मिळून २ तास. उरले ७ तास ४५ मिनिटं आणि ५४० किमी. भागाकार कर, ताशी ७० किमी! म्हणजे ज्या साइटला आपण मघाशी हसलो तिचा वेग बरोबर निघाला, फक्त तो मधल्या ५४० ला लागू होता, तिने तो तुमच्या सिग्नलला पण लावला. आणि मॅपचे साडेदहा तास? थांबण्याचे दोन तास वजा करून तुमचे सव्वादहा होतात. मॅप पण बरोबर. मॅपला गाडी कळते, गाडीतल्या माणसांना पाय मोकळे करायचे असतात हे कळत नाही. त्यात निघायच्या वेळेचा पर्याय टाकायचा असतो, तो टाकत जा, आत्ता दुपारी बसून उद्या पहाटेचा रस्ता बघितला आणि वेळ आत्ताची ठेवली तर तो आत्ताच्याच गर्दीचा हिशोब देणार.

आता दोन उपाय शेजारी ठेवू. पहिला, नवऱ्याचा. मधल्या ५४० ची सरासरी ७० वरून ८० करायची. वाचतो एक तास, आणि सरासरी ८० करायला मधे मधे १००-११० ला पळवावं लागतं कारण प्रत्येक ट्रक, प्रत्येक गावातला गतिरोधक, प्रत्येक टोलनाका तिला खाली खेचतो. हे लोकांच्या लक्षात येत नाही की अर्धं अंतर १०० ने आणि अर्धं ४० ने गेलं तर सरासरी ७० येत नाही, ५७ येते, कारण हळू चाललेला भाग वेळ जास्त खातो. दुसरा उपाय, पहाटे पाचला निघा. शहरातून बाहेर पडायला १ तास २० च्या जागी ३५ मिनिटं, आणि पलीकडे संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत पोचताय म्हणून शेवटचे २५ किमी ४० मिनिटांत. वाचला सव्वा तास, एकही वाहन ओव्हरटेक न करता. सव्वाबाराचे अकरा झाले, चार वाजता फाटकाशी. आणि नऊ तास कधी होणार माहितीये? पहाटे निघून, दोन तास थांबून, मधल्या ५४० ला सरासरी ९४ ठेवली तर. सरासरी! त्याला विचार कुठल्या प्रवासात पडली होती शेवटची. नाहीतर मग तो थांबण्याच्या वेळेतून काढेल, आणि त्याला माझं स्पष्ट 'नाही' आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दर दोन तासांनी किमान १५ मिनिटं थांबा असं लिहिलंय, युरोपात ट्रकवाल्यांना साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते, आणि ते रोज चालवणारे लोक आहेत, तुझा नवरा आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी स्टिअरिंग धरणारा आहे. अकरा तासांत दीड-दोन तास थांबणं म्हणजे वाया घालवणं नाही. आणि रविवारी परत यायचंय, म्हणजे दोन दिवसांत बावीस तास गाडीत. ते एकदा जमतं, महिन्यातून दोनदा नाही, मी करून बघितलंय, तिसऱ्या वेळी मी स्वतःच्याच गेटच्या खांबाला गाडी घासली होती.

तेव्हा माझं म्हणणं असं. एकटी असशील तेव्हा विमान. दोघं, मुलं, सामान, आणि तिकडे चार-पाच दिवस राहायचं असेल, तिकडे गावात फिरायला गाडी लागणार असेल, बाबांना दवाखान्यात न्यायचं असेल, तेव्हा कार, पहाटे पाचला, आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवायचं नाही. चार माणसांची तिकिटं आणि दोन्ही टोकांच्या टॅक्स्या यांची बेरीज पण करा, ती लोक विसरतात, नुसतं तिकीट आणि पेट्रोल असं तोलतात.

विमानाने जाताना ५:४० मधून थोडं कमी होईल का तर होईल. ११० मिनिटं आधी पोचलीस ते ८० करता येईल, घरूनच चेक-इन करून निघायचं आणि काउंटर किती मिनिटं आधी बंद होतं ते तिकिटावर लिहिलेलं असतं ते वाचायचं, पण त्याच्या काठावर जाऊ नकोस, पहिल्या टोकाचा ट्रॅफिक तुझ्या ओळखीचा आहे म्हणून तो शहाण्यासारखा वागेल असं नाही. अर्धा तास इथे. बेल्टवर थांबणं वाचवलंस तर वीस मिनिटं तिथे. पाच तासांच्या आत येशील. आणखी कमी नाही होणार, त्याच्या मागे लागू नकोस. सीट मात्र पुढची घे, उतरायला दहा मिनिटांचा फरक पडतो, मागच्या ओळीत बसून दार उघडायची वाट बघण्यासारखी वेळ जात नाही दुसरीकडे कुठे.

राहिले बाबा. खरं सांगू, मला तुझ्या पत्रात बाकी कशापेक्षा ती फाटकाशी टाकलेली खुर्ची दिसली. त्यांना तू सहा दहा सांगितलंस. तू सांगितलंस विमानाची वेळ, त्यांनी ऐकली मुलीची वेळ. सत्तरीच्या माणसाला विमान, बेल्ट, टॅक्सी असली फोड करून काय उपयोग, सहा दहा म्हणजे साडेसहाला दारात असंच ते धरणार आणि सात वाजले की त्यांच्या डोक्यात अपघात सुरू होणार. यापुढे विमान किती वाजता उतरतं ते त्यांना सांगूच नकोस. आठ सांग. तुझा हिशोब सात चाळीसचा असेल तर आठ, कारने चारचा असेल तर साडेचार-पाच. आधी पोचलीस तर आनंदच आहे. आणि एक फोन विमान निघताना नाही, टॅक्सीत बसल्यावर करायचा, 'बसले, पाऊण-एक तास', तिथून पुढचा वेळ एकाच टप्प्याचा असतो आणि तो सहसा चुकत नाही. आईला पण तेव्हाच कळू दे, मग ती ताटं घेईल.

आणि हो, ते बेल्टवरचे वीस मिनिटं. नवरा विचारतोय ना तू वेळ कुठे घालवलास? त्याच्याच मित्राच्या बॅगेची वाट बघण्यात. पुढच्या वेळी ती कुरिअरने जाऊ दे.